दीर्घबाहू धनुर्धर आणि आखूड लाकडी धनुष्य

‘आजानुबाहू’ हे आपल्या वाङ्मयात गौरवाचे विशेषण आहे. धनुष्य घडविणाऱ्याला मात्र आजानुबाहू माणूस म्हणजे एक अडचणच होय. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतून सातपुड्याच्या रांगा जातात. तेथील डोंगराळ पट्ट्यात भिल्ल, कोरकू व निहाल यांची वस्ती असून तीरकामठा हे त्या प्रदेशातील जुने शिकारी साधन आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा प्रश्न निकालात काढला आहे. परंतु तीरकामठ्याच्या घडणीतील यंत्रशास्त्रीय प्रश्न त्यामुळे संपत नाही. आणि संग्रहातील धनुष्यांच्या मापांवरून अनुमाने काढणाऱ्या अभ्यासकाला तो टाळताही येत नाही.

बांबूच्या बेटांतून वाकून जाताना किंवा आडोशाला बसून नेम धरताना लांब धनुष्याची टोके फांद्यांत अडकतात, जमिनीला टेकतात. म्हणून शिकाऱ्याला आखूड धनुष्य हवे असते. उलट, हात लांब असला की दोरी अधिक मागे खेचली जाते आणि अधिक ओढ सोसण्यासाठी धनुष्य लांब असावे लागते. या दोन गरजा एकाच काठीत कोठवर सामावतात, हे पाहावयाचे आहे.

ओढीची लांबी म्हणजे मुठीपासून पूर्ण खेचलेल्या दोरीपर्यंतचे अंतर. दोन्ही हात आडवे पसरले असता एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचे जे माप, त्याला मराठीत ‘वाव’ म्हणतात. वावेला अडीचने भागले की ओढ स्थूलमानाने मिळते. ६५ इंच वावेच्या माणसाची ओढ २६ इंच येते, तर ७५ इंच वावेच्या माणसाची ३० इंच. फरक अवघा चार इंचांचा; पण लाकडाला तो चांगलाच जाणवतो.

धनुष्य वाकले म्हणजे त्याची पाठ, अर्थात लक्ष्याकडील बाजू, ताणली जाते आणि धनुर्धराकडील पोट दाबले जाते. मध्यभागी मात्र लांबी कायम राहते. पाठीच्या तंतूंची मूळ लांबीच्या प्रमाणात जी वाढ होते, तिला विकृती म्हणतात. ती जाडीच्या सम प्रमाणात आणि वक्रतात्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते: काठी जितकी जाड आणि वळण जितके तंग, तितकी विकृती अधिक. चांगल्या लाकडाचीही सहनशक्ती सुमारे एक टक्क्याच्या आसपास धरावी लागते. ती ओलांडली तर पाठीचे तंतू तुटतात. किंवा पोटाचे तंतू दबून बसतात आणि दोरी उतरविल्यावरही धनुष्य वाकलेलेच राहते. पहिल्या प्रकारात काठी तोंडाजवळ फुटते, हे विसरता कामा नये.

सोयीसाठी असे धनुष्य कल्पू, की जे ५४ इंच लांब आहे, मुठीसकट एका वर्तुळाच्या कंसात वाकते आणि ज्याच्या चढविलेल्या दोरीचे मुठीपासूनचे अंतर पाच इंच आहे. भूमितीने हिशेब केला असता २६ इंच ओढीला वक्रतात्रिज्या सुमारे २७ इंच येते, ३० इंच ओढीला सुमारे २३ इंच. म्हणजे जाडी तीच ठेवली तर विकृती १७ टक्क्यांनी वाढते. एक टक्क्याची मर्यादा पाळावयाची तर जाडी ०.५४ इंचावरून ०.४६ इंचावर आणली पाहिजे. परंतु काठीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती तासताच धनुष्य फार मऊ पडते. रुंदीच्या बाबतीत हे प्रमाण साधे असते. म्हणून गेलेले बळ रुंदीतून भरून काढता येते. पूर्ण ओढीला पूर्वीइतकाच जोर हवा असेल तर रुंदी सुमारे सव्वापट करावी लागते. आखूड धनुष्य दीर्घबाहूसाठी घडविण्याचे मर्म येथे आहे: ते चपटे व रुंद हवे, गोल व जाड नव्हे.

मूठही वाकती ठेवली पाहिजे. हाताला सुखकर म्हणून मधला आठ इंच भाग जाड व ताठ ठेवला, तर वाकणारी लांबी ४६ इंचच उरते आणि वळण त्या प्रमाणाहूनही अधिक तंग होते. लांब धनुष्यात ही चैन परवडते, आखूड धनुष्यात नाही.

तथापि रुंदीने सर्वच प्रश्न सुटत नाहीत. पूर्ण ओढीच्या वेळी दोरी व धनुष्याचे टोक यांमधील कोन वरील उदाहरणात २६ इंचांना जवळजवळ काटकोन असतो. ३० इंचांना तो सुमारे १०४ अंश होतो. काटकोन ओलांडल्यावर दोरी टोकाला वाकविण्यापेक्षा त्याच्या लांबीच्या दिशेने अधिकाधिक खेचू लागते. परिणामी अखेरच्या दोन-तीन बोटांच्या ओढीत जोर एकदम वाढतो, हात थरथरतो आणि नेम बिघडतो. हा दोष तासून जात नाही. तो केवळ लांबीने किंवा टोके पुढे वळवून कमी होतो. ५८ इंचांच्या धनुष्यात ३० इंच ओढीला हा कोन सुमारे ९६ अंश येतो आणि वक्रतात्रिज्याही परत २७ इंचांवर येते. ओढ चार इंचांनी वाढली की धनुष्यही चार इंचांनी वाढवावे, हा कारागिराला लक्षात ठेवता येईल असा सोपा हिशेब यातून निघतो. त्याहून आखूड, ५४ इंचांचेच धनुष्य हवे असेल, तर ओढ २८ इंचांवर थांबवावी; दोरी कानाऐवजी गालापर्यंत आणणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

लाकडाची निवड अर्थातच महत्त्वाची. शुष्क पानझडी वनांतील धामण ही लवचिकपणासाठी प्रसिद्ध असून कावडीच्या व कुऱ्हाडीच्या दांड्यांना ती वापरतात. तिचे संस्कृत नाव ‘धन्वन’ धनुष्याशीच नाते सांगते. (त्याच मराठी नावाच्या सापाशी तिचा संबंध जोडण्याचे कारण नाही.) मानवेल बांबूच्या सालीलगत तंतू सर्वांत दाट असतात, म्हणून तासणी आतल्या बाजूने करून साल अखंड राखावी. भिल्लांच्या कामठ्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्या चिपेचीच असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रत्यंचेच्या द्रव्यांत वेणूचा, म्हणजे बांबूचा, समावेश आहे. तेव्हा ही पद्धत अलीकडची नव्हे.

लाकडाची मर्यादा ओलांडावयाची तर द्रव्यच बदलावे लागते. शिंग व स्नायू यांच्या जोडधनुष्यांनी ते साधले. १९६९ मध्ये अमेरिकेत हॉलिस ॲलन यांना पेटंट मिळालेल्या कंपाउंड धनुष्यात तर ओढीची लांबी टोकांवरील चाकांनी ठरते आणि धनुष्याच्या लांबीशी तिचा संबंध जवळजवळ तुटतो. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळविणारे बुलढाण्याचे प्रथमेश जावकर याच प्रकारच्या धनुष्याचे तिरंदाज होत.

लाकडी धनुष्याला ही मोकळीक नाही, म्हणूनच त्याचे जुने माप शरीरावर आधारलेले आढळते. अग्निपुराणात चार हातांचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ मानले आहे. नेआर्खसच्या आधारे एरियनने भारतीय पदातीचे धनुष्य धारकाच्या उंचीएवढे असल्याचे नमूद केले. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी आपले धनुष्य आडव्या पसरलेल्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत मोजून घेई. सॅक्स्टन पोप यांनी १९२३ मध्ये दिलेल्या वर्णनानुसार ते ४२ इंच लांब, सुमारे दोन इंच रुंद, अर्धा इंच जाड आणि पाठीवर स्नायू चिकटविलेले होते. चपटेपणा, रुंदी आणि पाठीचे संरक्षण या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत.

म्हणून सातपुड्यातील कामठ्याची नोंद करताना केवळ लांबी लिहून चालणार नाही. मुठीजवळची व टोकांजवळची रुंदी आणि जाडी, दोरी उतरविल्यावर राहिलेला बाक, बाणाची लांबी आणि शक्य असेल तेथे वापरणाऱ्याची वाव, एवढे तरी लिहिले पाहिजे. ५४ इंचांची दोन धनुष्ये शेजारी ठेवली असता एक अरुंद व जाड, दुसरे रुंद व चपटे दिसले, तर ती दोन जमातींची किंवा दोन काळांची असे ठरविण्यापूर्वी ती दोन निरनिराळ्या लांबीच्या हातांसाठी घडविली होती काय, हे आधी तपासावे.