वय 103, कोर्ट सुरू

सकाळी 8:30
अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं विचिटा शहर. 2010-11 चा काळ. जज वेस्ली ब्राउन फेडरल कोर्टात कामावर हजर होतात. चौथ्या मजल्यावरच्या चेंबरमध्ये ते वर्षानुवर्षं जिने चढून जात. आता लिफ्ट घेतात. जन्म 1907 चा. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी 1962 मध्ये त्यांची नेमणूक केली. फेडरल न्यायाधीशांना अमेरिकेच्या राज्यघटनेने निवृत्तीचं वय घालून दिलेलं नाही. 1979 मध्ये ते ‘सिनियर जज’, म्हणजे अर्धनिवृत्त न्यायाधीश, झाले. त्यांना पूर्ण पगारावर घरी बसता आलं असतं. ते येत राहिले.

पुकारा
विजेवर चालणारी चाकांची खुर्ची डायसमागे येते. उंच लाकडी डायसमागे वाकलेला देह जेमतेम दिसतो. समोर आजच्या प्रकरणाचे कागद, बाजूला ऑक्सिजनचा सिलिंडर. नाकाखालची नळी ते नीट बसवतात आणि खणखणीत आवाजात पुकारा करायला सांगतात.

सुनावणी
शिक्षेची सुनावणी असेल, तर आरोपीचं घर, शिक्षण, जुने गुन्हे यांबद्दलचा प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल आधी वाचावा लागतो. वकिलांचा युक्तिवाद होतो. शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला स्वतः बोलण्याची संधी द्यावीच लागते. 1987 पूर्वी शिक्षा किती, हे बहुतांशी जजच्या हाती होतं. मग मार्गदर्शक तक्ते आले, ते बंधनकारक होते. 2005 मध्ये ‘बुकर’ खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते सल्ल्यापुरते उरले. ब्राउन यांच्या कारकिर्दीत हे तिन्ही काळ आले. समोरच्या माणसाचं म्हणणं ऐकून घेण्याचं काम मात्र प्रत्येक काळात जजचंच राहिलं.

चेंबरमध्ये
लॉ क्लर्क जुने निकाल काढून देतात, मसुदे तयार करतात; निकालाची जबाबदारी जजची. अपील डेन्व्हरच्या दहाव्या सर्किट कोर्टात जाणार, म्हणून कारणं नीट नोंदवावी लागतात. खटला लांबणारा असेल, तर ब्राउन वकिलांना आधीच बजावतात: शेवटापर्यंत मी असेनच असं नाही.

दुपारी 3 च्या सुमारास
ते घरी निघतात. जानेवारी 2012 मध्ये, 104 व्या वर्षी, ते वारले, तेव्हाही ते जजच होते. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत इतक्या वयापर्यंत पदावर राहिलेला दुसरा न्यायाधीश झालेला नाही.

जजला कोणाच्या मर्जीवर राहावं लागू नये, म्हणून पद तहहयात असतं. ब्राउन यांच्या वयाचं मला कौतुक आहेच. पण त्या पदाचं देणं त्यांनी रोजच्या हजेरीने फेडलं, याचा मला जास्त आदर वाटतो.