खुराडे बांधण्याआधी घरचा दिवस पाहा



एका कुटुंबाला कोंबड्यांचे खुराडे बांधून द्यायला किती पैसे लागतात, असे आपल्यापैकी काहींनी विचारले आहे. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा राहील एवढ्या खुराड्याला, बांबू व माती गावातलीच धरली तर, जाळी, तार, खिळे, बिजागऱ्या आणि कडी मिळून आम्हाला यंदा १२०० रुपयांच्या आत खर्च आला. पण नुसते पैसे देऊन किंवा तयार खुराडे नेऊन ठेवून काम होत नाही, हे मेळघाटात फिरताना पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतल्या कोरकू घरांत कोंबडी, त्यांच्या भाषेत 'सिम', बहुधा बाईच्या मालकीची असते. बैलाचा, बकऱ्याचा सौदा पुरुष करतात. कोंबडा मात्र बाई स्वतः काखेत धरून आठवडी बाजाराला नेते आणि त्याच्या पैशातून तेल-मीठ, मुलांच्या वह्या, दवाखान्याला जायचे बसभाडे निघते. गावठी कोंबडी उकिरड्यावरचे किडे, खळ्यातले सांडलेले दाणे खाऊन पोट भरते, त्यामुळे तिच्या खाद्याचा खर्च जवळजवळ नाहीच. अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत अंडी मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण घरचे अंडे रविवारीही मिळते आणि आजीलाही मिळते.

अडचण रात्रीची. कोंबड्या झाडावर किंवा गोठ्याच्या आढ्यावर झोपतात. थोड्या घरात डालग्याखाली झाकल्या जातात. रात्री रानमांजर, उदमांजर, साप यांची भीती, आणि उजाडल्यावर मुंगूस. ज्या घराबद्दल मी लिहिते आहे तिथे सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका रात्रीत नऊ कोंबड्या मेल्या. दोनच उचलून नेल्या होत्या, सात तशाच मारून टाकल्या होत्या. घरातले नवरा-बायको दिवाळीनंतर कापूस वेचायला अमरावतीकडे उतरणार होते, ते होळीलाच परतणार. मागे सासू आणि सात वर्षांचा नातू. एकेक कोंबडी विकून त्या दोघांनी चार महिने काढायचे, असा हिशेब होता. त्या नऊ कोंबड्यांबरोबर तो हिशेबही गेला.

गंमत म्हणजे त्या घरामागे एक लोखंडी खुराडे आधीपासून होते. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून गावात अशी खुराडी वाटली गेली होती. यांच्या खुराड्यात सरपण भरून ठेवले होते. कारण विचारले तर सून म्हणाली, "खुराडं चांगलं हाय ताई, पण झाडायले रोज गुडघ्यावर बसा लागते. माह्यापाशी तेवढा येळ कुठी हाय?" मी ते खुराडे नीट पाहिले. वर सपाट पत्रा, उन्हाळ्यात आत भट्टी. खाली सपाट पत्रा, म्हणजे विष्ठा रोज खरवडायची. दार वीतभर उंचीवर. आणि ठेवले होते घरामागे, जिथून रात्री कोंबडीची ओरड ऐकू येत नाही. ज्याने हे खुराडे आखले त्याने कोंबडी पाहिली असेल, तिला पाळणारी बाई पाहिली नव्हती.

म्हणून आम्ही आधी तिचा दिवस पाहिला. साडेचारला उठणे, हातपंपावर दोन फेऱ्या, शेणपाणी, चूल, भाकरी, आठला शेतात. संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा पाणी, सरपण, चूल. कोंबड्या संधिप्रकाशात आपोआप घराकडे वळतात, पण नेमक्या त्याच वेळी बाईचे दोन्ही हात पिठात असतात. सकाळी उलटे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटे अंधारातच निघावे लागते, आणि अंधारात कोंबड्या सोडणे म्हणजे रानमांजराला जेवायला बोलावणे. वर या घरी चार महिने सूनच नसणार. खुराडे उघडायचे आणि मिटायचे ते सासूने, जिच्याने गुडघे दुखतात म्हणून फार चालवत नाही.

हे सगळे समोर ठेवल्यावर आराखडा सोपा झाला.

जागा निवडली चुलीजवळच्या दारासमोर, आठ पावलांवर. खाटेवरून दिसते आणि ऐकूही येते. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडते. आकार ४ फूट बाय ३ फूट, आतली उंची साधारण ३ फूट. गावठी कोंबडी दिवसभर बाहेर असते, फक्त रात्री आत येते. तिला एक चौरस फूट जागा पुरते. कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवायच्या असतील तर हे माप चालणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जमिनीपासूनची उंची. खुराड्याचा तळ अडीच फुटांवर घेतला. त्यामुळे बाईला वाकावे लागत नाही, खालून हवा खेळते आणि पावसाचे पाणी आत येत नाही. तळ बांबूच्या कांबींचा, दोन कांबींत बोटभर फट. विष्ठा खाली पडते. खाली राख पसरलेली ठेवायची आणि गोठ्याचे शेण काढताना आठवड्यातून दोनदा तीच टोपली इथे फिरवायची. म्हणजे खुराडे झाडायचे वेगळे काम उरतच नाही. हे खत शेणखतापेक्षा तेज असते, ताजे घातले तर रोपांची मुळे जळतात. शेणाच्या खड्ड्यात मुरू द्यावे, मग परसातल्या वांग्या-मिरचीला घालावे.

आत बसायला दोन आडव्या दांड्या, कांबींच्या वर फूटभर. एका कोंबडीला आठ इंच धरले तर अकरा जणांना सात फूट चार इंच लागतात, म्हणजे ४ फुटांच्या दोन दांड्या पुरतात. दांडी दीड-दोन इंच जाडीची असावी आणि खिळ्याने ठोकू नये, नुसती खाचेत ठेवावी. अंगावरचे बारीक किडे दिवसा दांडीच्या सांध्यात लपतात. दांडी काढून उन्हात टाकता आली आणि खाचेत चुना भरता आला तरच ते आटोक्यात राहतात. अंडी घालायला फूटभर लांब-रुंद असे गवत घातलेले दोन खोके. हे खोके दांडीपेक्षा खाली हवेत. कोंबडी नेहमी उंच जागा धरून झोपते. खोका वर असला तर ती खोक्यातच झोपते आणि अंडी घाणीत पडतात.

जाळीबाबत दुकानदार हमखास षटकोनी कोंबडी-जाळी पुढे करतो. ती स्वस्त असते. पण ती कोंबडीला आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. रानमांजर ती ओढून वाकवते आणि मुंगसाचे डोके शिरले की अंगही शिरते. अर्ध्या इंचाची चौकोनी, वेल्ड केलेली जाळी घ्यावी, बाहेरून लावावी आणि तिच्या कडांवर बांबूची पट्टी ठोकावी. बाराशेपैकी निम्म्याहून जास्त पैसे इथेच जातात. इथे काटकसर करू नये. बाकी कुठेही करावी.

पश्चिमेच्या बाजूला पावसाची झड येते. तिथे खालचा दीड फूट बांबूचा कुड विणून शेणमातीने लिंपला. वरचा भाग सगळीकडे मोकळा, नुसती जाळी. हवा कोंडली की विष्ठेच्या वासाने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, सर्दी धरते. छपराला जुनी कवेलू चढवली आणि पागोळी दीड फूट बाहेर काढली. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्यामुळे पत्राच घालायचा असेल तर त्यावर गवताचा जाड थर हवाच.

आता दार. झाडायला आणि अंडी काढायला एक मोठे दार बाईच्या कमरेच्या उंचीवर. कोंबड्यांचे येण्या-जाण्याचे दार वेगळे, वर-खाली सरकणारी फळी, दोन बाजूंना बांबूच्या खोबणी. फळीला दोरी बांधली, ती छपराच्या वाशावरून घेऊन भिंतीतून आत सासूच्या खाटेशी आणली. उजाडले की दोरी ओढून खुंटीला गुंडाळायची, फळी वर. अंधार पडू लागला की नातू बाहेर जाऊन कोंबड्या मोजतो, आजी दोरी सोडते. फळी आपल्या वजनाने खाली येते, आणि बाहेरून एक लाकडी खिटी लागते ती नातू लावतो. ही खिटी हवीच, कारण उदमांजर पंजाने फळी उचलते. पहाटे नातूच खिटी काढतो. दोरीला खर्च वीस रुपये आला असेल.

बांधकामाला सलग एक दिवस कोणालाच नव्हता. कामे जशी सुचली तशी दिवसाच्या फटीत बसवली. खांबांचे खड्डे एका संध्याकाळी बैल बांधून झाल्यावर. कांबी घरधन्याने दुपारच्या भाकरीनंतर शेतातच फाडल्या. दिवाळीआधी घर सारवायला शेणमाती कालवली तेव्हा सुनेने दोन घमेली जास्त कालवली, त्यात कुड लिंपून झाला. जाळी ठोकायला तेवढा मी आणि आमचा एक कार्यकर्ता अर्धा दिवस बसलो. एकूण आठ दिवस लागले. कोणत्याही दिवशी दोन तासांच्या वर गेले नाहीत, अर्धा दिवस जाळीचा सोडला तर.

बांबूविषयी एक सूचना. तीन वर्षांपेक्षा जुना बांबू हिवाळ्यात तोडावा आणि दोन-तीन आठवडे नाल्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातला गोड अंश निघून गेला की भुंगे लागत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात धरला आहे, तेव्हा सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाने ग्रामसभेत ठराव करून तोडावा, म्हणजे पुढे वाद होत नाही. खांबांच्या बुडाला वापरलेले काळे इंजिन ऑइल लावले की वाळवी लांब राहते.

खाली अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात, मेळघाटातून पुनर्वसित झालेली काही गावे आहेत. तिथे हाच आराखडा जसाच्या तसा चालत नाही. डोंगरावर मुरूम आहे, दीड फुटाचा खड्डा पुरतो. तिथली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. खांब पहिल्याच पावसाळ्यात कलतात आणि दाराची फळी खोबणीत अडकते. तिथे खांब पुरूच नयेत. सपाट दगडांवर उभे करावेत, खाली हातभर मुरूम-गिट्टीचा थर द्यावा आणि चारही पाय आडव्या बांबूंनी एकमेकांना बांधावेत. खुराडे हलले तरी सगळे मिळून हलते, सरळ करता येते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून तिथे सावलीचे झाड पाहूनच जागा धरावी, आणि दुपारी वर ओले पोते टाकावे.

खुराडे झाले की कोंबड्या लगेच आत जातील असे नाही. पहिले तीन-चार दिवस त्यांना आतच ठेवावे, दाणा-पाणी आत द्यावे. नंतरही आठवडाभर संध्याकाळी मूठभर ज्वारी आत टाकावी. एखादी हट्टी कोंबडी तरीही झाडावरच चढते. ती रात्री उतरवून आत ठेवावी लागते, दुसरा उपाय नाही.

खुराड्याचा एक फायदा आधी कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि मला तो जाळीइतकाच मोठा वाटतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की आठवड्याभरात वस्तीतल्या कोंबड्या साफ होतात. तिला औषध नाही, लसच आहे. लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पिलू पाच-सात दिवसांचे असताना आणि पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही टोचायची लस. लासोटाची बाटली साधारण शंभर मात्रांची असते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. झाडावर झोपणाऱ्या कोंबड्या दोन तासांत पकडणे कोणाला जमणार? खुराड्यात असतील तर अंधार पडल्यावर कंदिलाच्या उजेडात एकेक हातात घेता येते. पाच-सहा घरांनी एकच संध्याकाळ ठरवली तर एक बाटली सगळ्यांना पुरते. आजारी कोंबडीला लस देऊ नये. आणि एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नयेत, विकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यातल्या नवापूरला, आदिवासी भागात.

त्या घरच्या पाच कोंबड्या आणि दोन कोंबडे वाचले होते. दोघी घरातच डालग्याखाली खुडूक बसल्या होत्या. त्यांच्याखालून एकवीस दिवसांनी सतरा पिले निघाली. शुभवर्तमानातली पंखांखाली पिले गोळा करणारी कोंबडी मी अनेकदा शिकवली आहे; घार दिसल्यावर ती कोणत्या आवाजात हाक मारते ते इथल्या अंगणात ऐकले. तीन पिले तरी गेलीच. पिलांचे पाय कांबींच्या फटीत अडकतात, म्हणून दोन महिने ती रात्री डालग्यातच राहतील. दिवसा त्यांच्यासाठी तुराट्यांचा एक बुटका झाप हवा, ज्यात पिलू शिरेल पण घार शिरणार नाही. नवरा-बायको दिवाळीनंतर चौथ्या दिवशी गेले. सासूबाईंनी एक कोंबडा विकला आहे. झापासाठी तुराट्या त्यांनीच शेजाऱ्याकडून मागून ठेवल्या आहेत. येत्या गुरुवारी आम्ही तो बांधणार आहोत.