जुन्या जीपमध्यें डिझेल इंजिन

जुनी पेट्रोल जीप बाळगणाऱ्या घरांत एक प्रश्न केव्हां ना केव्हां निघतोच : हिच्यांत डिझेल इंजिन बसेल काय? नाना पेठेंतल्या सुट्या भागांच्या दुकानांत किंवा एखाद्या जुन्या कारागिराकडे विचारल्यास उत्तर बहुधा ‘बसेल कीं!’ असें मिळतें. तें उत्तर खोटें नव्हे. लोखंड कापतां येतें, जोडतांहि येतें. परंतु इंजिन बसणें निराळें आणि तें बसविलेल्या गाडीनें सिंहगडाचा घाट चढून पुन्हां निर्धास्तपणें उतरणें निराळें.

जीप मुळांत पेट्रोलची. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपला २.२ लिटरचें, ६० अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन होतें. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत या गाड्यांची जुळणी सुरू केली, तेव्हांहि तेंच घराणें चालू राहिलें. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलें. डिझेल मात्र शेतीचे पंप, मालमोटारी आणि एस्‌टी यांचें इंधन म्हणून सरकारनें स्वस्त ठेवलें. दोहोंच्या भावांत पडलेल्या या अंतरानेंच इंजिन बदलण्याची हौस वाढविली. पुण्याला डिझेल नवखें नव्हतें. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली व खडकीस तिचा कारखाना उभा राहिला. पुढें आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीनें मर्सिडीजच्या परवान्यानें ओएम ६१६ नांवाचें २.४ लिटरचें इंजिन बनविलें आणि तें मॅटॅडोर व ट्रॅक्स या गाड्यांत घातलें. ज्याचे सुटे भाग पेठेंत मिळतात आणि ज्याचा स्वभाव कारागिरांच्या हातांत मुरलेला आहे, तेंच इंजिन जीपसाठीं पुढें यावें यांत नवल नाहीं. महिंद्रनेंहि पुढें स्वतः डिझेल जीप काढल्या. त्यांपैकीं एका पिढीला प्यूजोच्या परवान्यानें बनविलेलें २.१ लिटरचें इंजिन होतें. पण कारखाना इंजिन बदलतो तेव्हां गाडीचे इतर अवयवहि त्याला जुळते करतो. खासगी बदलांत नेमकें हेंच राहून जातें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांत नुसती हवा ओढली जाते व दट्ट्या ती सुमारें वीसपट दाबतो. त्या दाबानें हवा इतकी तापते कीं, तिच्यांत उडविलेला डिझेलचा तुषार आपोआप पेटतो. रूडॉल्फ डीझेल या अभियंत्यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें असें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. जुन्या विलीज इंजिनांत हवा-पेट्रोलचें मिश्रण साडेसहापटच दाबलें जाई. अधिक दाबामुळें थेंबाथेंबांतून अधिक काम निघतें, हाच डिझेलचा खरा लाभ. ‘डिझेलची ओढ जबरदस्त’ असें जें म्हणतात, तें मात्र सरसकट खरें नव्हे. विलीजचें इंजिन आणि मॅटॅडोरचें इंजिन यांचा चाक फिरविणारा जोर जवळजवळ सारखाच आहे. फरक जोर देण्याच्या रीतींत आहे : पेट्रोल इंजिन ढकलतें, डिझेल इंजिन ठोके देतें. हे ठोके क्लच, गिअरबॉक्सचे दांते आणि मागचा आंस यांना पोहोंचतात. आणि ते भाग पन्नास-साठ वर्षें वापरलेले असतात.

नवें इंजिन व जुना गिअरबॉक्स यांचीं तोंडें जुळत नाहींत, म्हणून मधें एक जाड पोलादी पत्रा कातून घालावा लागतो. येथें कारागिराची परीक्षा असते. इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य तंतोतंत एका रेषेंत यावे लागतात. केसाच्या जाडीइतका फरक राहिला तरी प्रथम कांहीं कळत नाहीं. कांहीं महिन्यांनीं क्लच चरचरतो, मग बेअरिंग जातें, आणि दोष नव्या इंजिनाला दिला जातो. विलीज जीपच्या पुढच्या आंसावरील डिफरन्शियल मध्यावर नसून एका बाजूला आहे. स्प्रिंगा दबल्या कीं तें वर येतें आणि इंजिनाच्या तेलाच्या खालच्या टाकीला आपटूं शकतें. ती टाकी कापून पुन्हां जोडावी लागते.

आतां वेगाचा हिशेब. जुन्या नागरी जीपच्या आंसांत चाकाच्या एका फेऱ्यामागें इंजिनाचे ५.३८ फेरे पडतात, आणि चाकाचा घेर सुमारें २.२ मीटर असतो. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे करीत असेल तर जीप ताशीं सुमारें ९८ किलोमीटर धांवेल. ३,००० फेऱ्यांवर ७४. आणि एखादें संथ, ट्रॅक्टरच्या जातीचें इंजिन २,००० फेऱ्यांवर थांबत असेल तर ४९. म्हणजे स्वस्त मिळालें म्हणून असें इंजिन घातल्यास हमरस्त्यावर मालमोटारीहि पुढें निघून जातील. आंसांतील दंतचक्रें बदलून हें सुधारतां येतें, पण मग तोच खर्च दोन्ही आंसांवर करावा लागतो.

उताराचा प्रश्न याहून गंभीर आहे. पेट्रोल गाडींत पाय उचलला कीं कार्बुरेटरची झांपडी मिटते, इंजिन हवेसाठीं धडपडतें आणि गाडीला मागें ओढून धरतें. बहुतेक डिझेल इंजिनांत अशी झांपडी नसते, त्यामुळें तें धरणें कमी होतें. त्यांत इंजिनाचें वजन वाढलेलें आणि ब्रेक तेच, विलीजच्या काळचे नऊ इंची ड्रम! पुढच्या स्प्रिंगा, ब्रेक आणि पाणी थंड करणारा रेडिएटर यांचा खर्च आधीं मांडावा; इंजिनाची किंमत त्यापुढें पुष्कळदां लहान वाटते.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीहि सोडून चालत नाहीं. इंजिनाच्या ओढीवर चालणारे जुने वायपर त्या ओढीअभावीं ऐन पावसांत, ताम्हिणीसारख्या घाटांत, बंद पडतात. विलीजची विजेची व्यवस्था ६ व्होल्टची. डिझेलला थंडींत चेतविण्यास ती पुरत नाहीं. आणि जुन्या पद्धतीचें डिझेल इंजिन किल्ली काढल्यानें थांबत नाहीं, त्याचें इंधन तोडणारी वेगळी तार हाताशीं लागते.

एवढें करूनहि सरकारी कागद उरतोच. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडीस करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच ठामपणें सांगितलें. इंधन बदलण्याची सवलत आहे, परंतु ती विहित अटींनीं बसविलेल्या रूपांतर-संचांपुरती. म्हणून पेठेंत पहिला पैसा देण्यापूर्वीं संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं आणि पुढें दर ५ वर्षांनीं नवी करावी लागते, आणि तपासणींत इंजिनाचा क्रमांक पाहिला जातो. अपघात झाल्यास विमा कंपनीहि तोच क्रमांक पाहील.

ऑक्टोबर १९१४ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणांतून सुटले आणि पेट्रोलशीं असलेलें अंतर पुष्कळ घटलें. महिन्यांतून दोनदां पानशेतपर्यंत जाणाऱ्या कुटुंबाला इंधनाच्या बचतींतून हा सारा खर्च भरून निघण्याची आशा थोडीच. जीप कारखान्यांतूनच डिझेल म्हणून निघाली असेल, तर थकलेल्या इंजिनाच्या जागीं त्याच जातीचें इंजिन परवानगीनें घालणें शहाणपणाचें. जोडपत्रा नको, आंसांचा हिशेब नको. जीप मूळची पेट्रोलची असेल, तर त्याच इंजिनाचे सिलिंडर घांसून, नवे दट्टे घालून तें पुन्हां उभें करणें बहुतेक वेळां अधिक स्वस्त आणि निर्वेध ठरतें. ज्यांनीं पूर्वींच बदल केला आहे त्यांनीं काढलेलें इंजिन भंगारांत देऊं नये. सिलिंडरांत तेल सोडून, तोंडें बंद करून, कोरड्या जागीं तें ठेवावें. त्यावरचा क्रमांकच गाडीच्या मूळ कागदाशीं जुळणारा असतो.