विश्लेषण : तारापूरचा ९३.६९ हा आकडा कसा तयार होतो? ‘करीड फंक्शन’ म्हणजे काय?

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहत २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात देशात पहिली आली. हवा, पाणी आणि जमीन या तीन आकड्यांतून एक गुण कसा निघतो आणि जावास्क्रिप्टमध्ये हे गणित छोट्या फंक्शनच्या साखळीने कसे मांडता येते, याविषयी...

तारापूरचे गुण किती?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात, म्हणजे ‘सेपी’मध्ये, तारापूरला पाण्यासाठी ८९, हवेसाठी ७२ आणि जमिनीसाठी ५९.२५ गुण मिळाले. येथे गुण जास्त म्हणजे प्रदूषण जास्त. एकूण गुण ७० च्या वर गेले की क्षेत्र अतिगंभीर प्रदूषित ठरते.

सूत्र काय आहे?

तिन्हींची सरासरी ७३.४२ येते, पण ‘सेपी’ सरासरी काढत नाही. सर्वांत मोठा आकडा, म्हणजे ८९, आधी घेतला जातो. शंभरपर्यंत उरलेल्या ११ ला इतर दोन आकड्यांच्या टक्केवारीने गुणले जाते. ११ × ०.७२ × ०.५९२५ म्हणजे ४.६९. दोन्हींची बेरीज ९३.६९.

करीड फंक्शन म्हणजे काय?

सर्व माहिती एकदम न मागता एकेक घेणारे फंक्शन. पहिली किंमत दिली की ते उत्तराऐवजी पुढच्या किमतीची वाट पाहणारे नवे फंक्शन परत करते. हे नाव गणितज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून पडले. मात्र ही कल्पना मोझेस शोनफिंकेल यांनी १९२४ मध्येच मांडली होती. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून ‘अॅरो फंक्शन’ आल्याने ते एका ओळीत लिहिता येते :

जास्त = मर्यादा => नोंद => नोंद > मर्यादा

फायदा काय?

हवेतील पीएम १० कणांची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर पीएम २.५ ची ६०. ‘जास्त’ला १०० दिले की पीएम १० ची तपासणी तयार, ६० दिले की पीएम २.५ ची. सूत्र पुन्हा लिहावे लागत नाही. पुढे गाळणे, मोजणे, टक्केवारी काढणे ही फंक्शन जोडायची. एकाचे उत्तर दुसऱ्याला मिळते. समजा, नोंदी ९६, ११२, १३०, ८८, १०४ आहेत. गाळल्यावर तीन उरतात. पाचपैकी तीन, म्हणजे ६० टक्के. म्हणूनच न बदलणारी मर्यादा आधी आणि बदलणाऱ्या नोंदी शेवटी घेतात.

चूक कुठे होऊ शकते?

‘सेपी’च्या फंक्शनमध्ये ‘सर्वांत मोठा आकडा म्हणजे पाणी’ असे कायमचे ठरवून टाकले तर. समजा, पाण्याचे गुण ८९ वरून ६५ वर आले. आता सर्वांत मोठा आकडा हवेचा, ७२. योग्य उत्तर ८२.७८ येते, पाणीच पहिले धरले तर ७९.९३. म्हणून तिन्ही आकडे उतरत्या क्रमाने लावणारे फंक्शन साखळीत सर्वांत आधी हवे.

यातून काय कळते?

पाणी इतके सुधारूनही तारापूर ७० च्या वरच राहते, कारण एकटी हवाच ७२ वर आहे. या सूत्रात एकूण गुण सर्वांत मोठ्या आकड्याच्या खाली कधीच जात नाहीत. तारापूरला अतिगंभीर यादीतून बाहेर पडायचे, तर केवळ सांडपाण्यावर नव्हे, धुरावरही काम करावे लागेल.