पुणे किती लांब? बोदवडहून मोजू या

जळगावला विमान आल्यापासून बोदवडकडच्या घराघरांत एक नवा हिशेब सुरू झाला आहे. पोरगा पुण्यात नोकरीला, भाऊ मुंबईत. मग मोबाइलवर अंतर बघायचे, विमानाच्या वेगाने भागायचे आणि 'पाऊण तासात पुणे' म्हणून मोकळे व्हायचे. या हिशेबात चुका कुठे होतात?

गैरसमज : दोन शहरांमधले अंतर एकच असते.

वस्तुस्थिती : जळगाव ते मुंबई रेल्वेने 420 किलोमीटर, पण सरळ हवाई रेषेत साधारण 355. रूळ चाळीसगाव, मनमाड, नाशिक करत कसारा घाट उतरतात. विमानाला घाट नाही. पुण्याच्या बाबतीत तफावत आणखी मोठी. हवाई अंतर सुमारे 320 किलोमीटर, आणि रेल्वे मनमाड-दौंडमार्गे गेली तर साडेचारशेच्या वर.

गैरसमज : अंतर भागिले वेग म्हणजे प्रवासाचा वेळ.

वस्तुस्थिती : 2024 मध्ये जळगावहून गोवा, हैदराबाद, पुणे अशी सेवा सुरू झाली ती एटीआर 72 या पंख्याच्या विमानांनी. त्यांचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेटपेक्षा बराच कमी. तरी 320 किलोमीटरला चाळीस मिनिटेच लागायला हवीत. तिकिटावर मात्र तासाहून जास्त वेळ दिसतो, कारण तो जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वळसा घेणे हे सगळे त्यात येते. पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा, म्हणून प्रवासी विमानाला कधी थांबावे लागते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. वर घिरट्या घालणारे विमान खालच्या रांगेत उभे असते, एवढेच.

गैरसमज : जायला लागतो तेवढाच वेळ यायला.

वस्तुस्थिती : जळगाव-पुण्याला फरक जाणवत नाही, मुंबई-लंडनला चांगला जाणवतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. जाताना दहा तास धरले, तर येताना नऊ.

घड्याळ तर आणखीच फसवते. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 2 ला निघालेला माणूस लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरतो: कागदावर साडेचार तास! परतताना रात्री 9 ला निघून मुंबईत सकाळी साडेअकराला, म्हणजे साडेचौदा तास. खरा फरक एका तासाचा. बाकी खेळ साडेपाच तासांच्या वेळफरकाचा.

गैरसमज : अमेरिकेला जाणारे विमान उगाच उत्तरेकडून फिरून जाते.

वस्तुस्थिती : शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरावा. तो आपोआप रशियाच्या बाजूने वर सरकतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात वाकडी दिसणारी वाटच जवळची असते.

गैरसमज : विमान म्हणजे 'तासाभरात पुणे'.

वस्तुस्थिती : बोदवडहून जळगावचा विमानतळ गाठायला तासाहून जास्त, तिथे तासभर आधी हजेरी, विमानात तास-सव्वा तास, पुढे लोहगावहून घर गाठायला पाऊण तास. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत चार तासांच्या वर. रात्रभराच्या बसपेक्षा हे निम्म्याहून कमीच, पण त्यात आकाशातली वाट कापण्याची मिनिटे जेमतेम चाळीस.

आणि ज्या वारी जायचे त्या वारी विमान आहे ना, तेवढे आधी बघून घ्यावे.