भजनाची पेटी

गावोगावी भजनी मंडळाजवळ बाजाची पेटी असते. ती वर्गणीतून घेतलेली. बिघडली की जळगावला नाहीतर धुळ्याला न्यावी लागते, आणि एकादशीचे भजन पेटीवाचून होते.

मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रल या देवळात मोठा ऑर्गन आहे. त्यात नळ्यांतून वारा जातो. आपल्या पेटीत नळ्या नाहीत, पितळेच्या पात्या आहेत. त्यांनाच सूर म्हणतात. भात्याने वारा भरतो. पट्टी दाबली की वारा पातीजवळून निघतो, पाती थरथरते, आवाज होतो. लांब पातीचा आवाज खर्जाचा, आखूड पातीचा टिपेचा. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला मनाई केली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. भजनात तिला कोणी अडवले नाही!

पट्टी दाबून आवाज येत नाही? बहुधा पातीत कचरा अडकला. आपल्याकडे कापसाचे तंतू फार उडतात. मऊ कुंचल्याने हळूच काढावे. पाती मात्र घासू नये. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. ते कारागिराचे काम.

भाता गळतो का, ते असे पाहा. वारा भरा, पण पट्टी दाबू नका. भाता भरकन बसला तर कुठेतरी भोक आहे. उंदीर भाता कुरतडतात. वैशाखात लाकूड आकसून सांधे उघडतात, म्हणून पेटी तापल्या पत्र्याखाली ठेवू नये. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. तेव्हा ती ओल्या भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावी. काही जण पोरांना पट्ट्या बडवू देतात. मला ते पसंत नाही.