पगार ‘होतो’ म्हणजे काय?

महिनाअखेरीला भाटघर धरणावर पिकनिक काढणं म्हणजे वेडेपणाच, कारण खिशात जेमतेम पेट्रोलपुरते पैसे! तरी आम्ही चौघं दोस्त बाइक काढून गेलो. पाण्याकडे बघत चहा मारताना विषय एकच, ‘तुझा झाला का रे पगार?’ टपरीवाले काका हसले, ‘‘पोरांनो, तुमचं बरंय. महिना भरला की पगार होतो. आमचं भात विकल्याबिगर काय न्हाय.’’

हा ‘होतो’ डोक्यातून जाईना. सकाळ होते, उशीर होतो, तसा आपला पगार होतो. देणारा वाक्यातून गायब!

मूळ शब्दात मात्र देणारा आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ हे चक्क क्रियापद. अर्थ, देणं चुकतं करणं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई मिळवली आणि पाव, बटाटा, चावीसोबत हाही शब्द आपल्याकडे मुक्कामाला आला. इथे त्याचं नाम झालं. स्पॅनिशमध्येही हेच क्रियापद. १४९२ साली स्पेनने हाकललेले ज्यू आपली जुनी स्पॅनिश घेऊन इस्तंबूल, सालोनिकाला गेले. त्यांच्या लादिनो भाषेतही पैसे चुकते करणं म्हणजे ‘पगार’च.

या सगळ्यांचं मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. देणेकऱ्याने पैसे मोजून घेणेकऱ्याला शांत करायचं, असा हा प्रवास. इंग्रजी ‘पे’ही फ्रेंचमार्गे तिथूनच आला आणि ‘पीस’ त्याच घरातला. (स्पॅनिशमध्ये दिवा विझवायला ‘आपागार’ म्हणतात, तोही याचाच भाऊ. ऑफिसातून निघताना आठवा!)

आमच्यातल्या एकाला दोन महिने कोणी शांत केलेलं नव्हतं. कंपनीचा मेल यायचा, ‘पगार अद्याप झालेला नाही.’ जणू पाऊस लांबलाय! कायद्याची भाषा वेगळी. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि ती थेट मालकाला सांगते, महिन्याचं वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्या.

सोमवारी त्याने मेल टाकला, ‘माझा पगार कोण करणार आणि कोणत्या तारखेला?’ संध्याकाळी एचआरचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘शुक्रवारी करतो.’